गणेशखिंडीतील पेशीगृह

गणेशखिंडीतील विद्यापीठाची मुख्य वास्तू ही मूळची मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान, हे पुणेकरांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु त्याच विस्तीर्ण आवारात, झाडीच्या आड, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र नावाची जी संस्था उभी आहे, आणि जिच्या अंतर्भागात ३७ अंशांच्या उबेत मनुष्याच्या व प्राण्यांच्या पेशी अहोरात्र वाढत असतात, तिची ओळख मात्र शहरास अद्याप व्हावी तशी झालेली नाही.

संस्थेचा आरंभ १९८० च्या दशकातला, आणि हेतू प्रथमतः अगदी साधा: प्राण्यांच्या ऊती व पेशी शास्त्रशुद्ध रीतीने वाढवाव्यात, जतन कराव्यात, आणि देशातील ज्या प्रयोगशाळांना त्यांची गरज पडेल त्यांना त्या पुरवाव्यात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, पेशींचा हा संग्रह निद्रिस्त राहतो; मागणी आली की त्यांतील एखादी कुपी जागी करावयाची, पेशींना पोषकद्रव द्यावयाचे, बाटली भरून आली की त्यांची वाटणी करून त्यांना नव्या बाटल्यांत हलवावयाचे, आणि एखादा उपरा जंतू शिरकाव करीत नाही ना यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावयाची. हे काम कमालीच्या चिकाटीचे आहे, आणि माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासात त्याला मिळाले त्याहून कितीतरी अधिक श्रेय त्याच्या वाट्यास यावयास हवे.

कारण गॅमाहर्पीस नावाच्या विषाणुकुळाचा पहिला मानवी प्रतिनिधी सापडला तो याच कलेमुळे. १९५८ मध्ये डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने युगांडातील मुलांच्या जबड्याच्या अर्बुदाचे वर्णन केले होते. पुढे डिसेंबर १९६३ मध्ये त्या अर्बुदाचा एक तुकडा लंडनला अँथनी एप्स्टाइन यांजकडे निघाला असता धुक्यामुळे विमान मँचेस्टरकडे वळवावे लागले, आणि तो हाती पडला तेव्हा कुपीतील द्रव गढूळ झालेला होता. गढूळपणा म्हणजे नासाडी, असेच कोणीही म्हटले असते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तो गढूळपणा जंतूंचा नसून सुट्या होऊन तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा निघाला. इव्हॉन बार यांनी अशा पेशी वाढविल्या, बर्ट अचाँग यांनी त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सिद्ध केल्या, आणि १९६४ मध्ये एप्स्टाइन-बार विषाणू जगापुढे आला.

या कुळाचे वैशिष्ट्य असे की, त्यातला विषाणू शरीरात येतो तो कायमच्या मुक्कामाच्या तयारीने. जगातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक प्रौढांच्या शरीरात एप्स्टाइन-बार विषाणू बी-पेशींमध्ये सुप्तावस्थेत राहतो, आणि त्यांतील बहुतेकांना त्याची जन्मभर वार्ताही नसते. टी-पेशींचा पहारा ढिला पडला तरच बहुधा तो घातक ठरतो. १८७२ मध्ये मोरित्झ कापोसी यांनी ज्या त्वचार्बुदाचे वर्णन केले, ते टी-पेशींचा हा पहारा मोडणाऱ्या एड्सच्या साथीत तरुणांमध्ये दिसू लागले तेव्हा ही गोष्ट दारुणपणे प्रत्ययास आली. त्यामागचा विषाणू १९९४ मध्ये युआन चँग व पॅट्रिक मूर यांनी शोधून काढला, आणि तोही याच कुळातला ठरला.

गणेशखिंडीचा संबंध येतो तो येथे. आपल्या रक्तात पूरकप्रणाली नावाची प्रथिनांची एक पुरातन फौज तैनात असते. तिचा मध्यवर्ती घटक सी-३. त्याचा सी-३बी हा तुकडा सुटा झाला की जवळच्या पृष्ठभागास क्षणार्धात घट्ट चिकटतो, आणि तेथून विध्वंसाचा क्रम सुरू होतो. पेशवाईतील पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर परवान्यावाचून रस्त्यावर फिरणारास कोतवालीचे शिपाई अटकाव करीत, तद्वत या प्रथिनापाशी आप-पर भाव नाही. आपल्या स्वतःच्या पेशी वाचतात त्या अंगावर बाळगलेल्या नियामक प्रथिनांच्या परवान्यामुळे. हे परवाने दोन प्रकारे काम करतात: विध्वंस पुढे नेणारी प्रथिनांची जोडी ते विस्कटून टाकतात, अथवा फॅक्टर-आय या प्रथिनास साहाय्य करून सी-३बी कापून निकामी करवितात.

कापोसीच्या अर्बुदामागील विषाणूपाशी या नियामक प्रथिनांच्याच घडणीचे प्रथिन बनविणारे एक जनुक आहे. गणेशखिंडीच्या केंद्रातील संशोधक अरविंद साहू व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन तयार करून, शुद्ध करून, मानवी पूरकप्रणालीपुढे ठेवले, आणि २००३ मध्ये दाखवून दिले की ते वरील दोन्ही कामे करते. म्हणजे परवाना परकीयाच्या हाती आहे आणि तो चालतोही. त्यांनी त्याचे नाव ‘कापोसिका’ असे ठेवले. त्याच सुमारास ब्रिटनमधील एका गटानेही याच प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्याची मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत: कापोसिकाच्या चार खंडांपैकी कोणता खंड कोणत्या कामास अवश्य, हे त्यांनी प्रथिनाचे तोकडे अवतार घडवून तपासले, आणि खारमाकडांत आढळणाऱ्या हर्पीस सायमिरी या भाऊबंदाचे तसलेच प्रथिनही त्यांनी परीक्षेस घेतले.

परीक्षानळीत चालणारा परवाना जिवंत देहातही उपयोगी पडतो काय, ही शंका रास्त आहे. उंदरांना बाधणाऱ्या गॅमाहर्पीस विषाणूतील याच धर्तीचे जनुक सेंट लुईस येथील संशोधकांनी २००२ मध्ये काढून टाकले, तेव्हा तो विषाणू दुर्बळ झाला. आणि ज्या उंदरांत सी-३ मुळातच नव्हते, त्यांत त्याचे बळ पूर्ववत दिसले. याहून निःसंदिग्ध उत्तर क्वचितच मिळते.

साहू यांचे पूरकप्रणालीच्या प्रथिनांशी नाते कापोसिकाच्याही आधीचे. १९९६ मध्ये, अमेरिकेत ब्रायन के व जॉन लॅम्ब्रिस यांच्यासह, त्यांनी सी-३ ला धरून त्याचे विभाजन रोखणारे एक लहानसे पेप्टाइड शोधले होते. त्याचे नाव कॉम्पस्टॅटिन. त्याच्या मूळ रूपात अवघी तेरा अमिनो आम्ले. त्याच्यापासून विकसित झालेल्या औषधास २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती ज्या विकारात रक्तातील तांबड्या पेशींच्या अंगावर स्वतःचेच परवाने उरत नाहीत, आणि म्हणून आपलीच फौज त्यांस फोडीत सुटते, त्या विकारावर.