वैद्यकीय गांजा ओळखपत्र (कॅलिफोर्निया)

वैद्यकीय गांजा ओळखपत्र हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात औषध म्हणून गांजा वापरणाऱ्या रुग्णांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्या व्यक्तींना दिले जाणारे शासकीय ओळखपत्र आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कार्यक्रमांतर्गत ते दिले जाते. अर्ज मात्र अर्जदार ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, राहतो तेथील आरोग्य कार्यालयात करावा लागतो. हे ओळखपत्र घेणे ऐच्छिक आहे. डॉक्टरांचे वैध शिफारसपत्र असलेला रुग्ण ते न घेताही राज्याच्या कायद्याचे संरक्षण मागू शकतो. फरक असा, की केवळ शिफारसपत्र असलेल्या रुग्णाला अटक झाल्यानंतर न्यायालयात बचाव मांडावा लागू शकतो, तर ओळखपत्र दाखविणाऱ्याला मुळात अटकच होऊ नये, अशी कायद्यातील तरतूद आहे.

इतिहास

५ नोव्हेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियातील मतदारांनी 'प्रस्ताव २१५' संमत केला आणि वैद्यकीय कारणासाठी गांजाच्या वापराला मुभा देणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. या कायद्यात नोंदणीची किंवा ओळखपत्राची व्यवस्था नव्हती. रस्त्यात अडविणाऱ्या पोलिसाला समोरची व्यक्ती खरोखर रुग्ण आहे की नाही हे ठरविण्याचे साधन नसल्याने अटक आणि जप्तीचे प्रकार होत राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी विधिमंडळाने २००३ मध्ये सिनेट विधेयक ४२० संमत केले. १ जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या या कायद्याने ओळखपत्राची योजना निर्माण केली. (४२० हा अमेरिकेत गांजा ओढणाऱ्यांचा सांकेतिक आकडा आहे. मराठीत 'चारशेवीस' हा शब्द भारतीय दंड संहितेतील फसवणुकीच्या कलमावरून आला. त्याचा या विधेयकाशी संबंध नाही.)

सर्वच काउंटींनी ही योजना आनंदाने स्वीकारली नाही. सॅन डिएगो आणि सॅन बर्नार्डिनो या काउंटींनी, संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध असलेल्या पदार्थासाठी ओळखपत्रे देण्याची सक्ती आपल्यावर करता येणार नाही, असा दावा दाखल केला. २००८ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि मे २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

शिफारसपत्र

अर्जाचा मूळ आधार डॉक्टरांचे शिफारसपत्र हा असतो. ती औषधचिठ्ठी नव्हे. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांत, टाकले. त्यामुळे डॉक्टर तो चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाहीत. शिफारस करणे मात्र डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील संवादाचा भाग असून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असा निर्णय नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये कोनंट विरुद्ध वॉल्टर्स या खटल्यात दिला. औषधचिठ्ठी आणि शिफारस यांतील हा शाब्दिक वाटणारा भेदच संपूर्ण व्यवस्थेचा पाया आहे.

शिफारस करणाऱ्या डॉक्टरकडे कॅलिफोर्नियाचा वैध परवाना असावा लागतो आणि त्याने रुग्णाची रीतसर तपासणी केलेली असावी लागते. कायद्यात एड्स, कर्करोग, संधिवात, काचबिंदू, अर्धशिशी, दीर्घकालीन वेदना, अपस्माराचे झटके, स्नायूंचे सततचे आकडी येणे, तीव्र मळमळ अशा आजारांची नावे आहेत. त्याशिवाय दैनंदिन जीवनावर गंभीर मर्यादा आणणाऱ्या इतर जुनाट आजारांचाही समावेश होतो.

सल्ला देणाऱ्या काही खासगी संस्था शिफारसपत्राबरोबर प्लास्टिकचे आकर्षक कार्डही देतात. हे शासकीय ओळखपत्र नव्हे. करसवलतीसाठी ते चालत नाही आणि शासनाच्या पडताळणी यंत्रणेत त्याची नोंद नसते. अनेक रुग्णांचा गोंधळ येथेच होतो.

अर्ज आणि पडताळणी

अर्जदाराला स्वतः काउंटीच्या कार्यालयात जावे लागते. शासकीय छायाचित्रासह ओळखीचा पुरावा, काउंटीतील रहिवासाचा पुरावा आणि शिफारसपत्राची प्रत सादर करावी लागते. छायाचित्र कार्यालयातच काढले जाते. रुग्णाला आपली काळजी घेणाऱ्या एका मुख्य व्यक्तीसाठीही ओळखपत्र मागता येते. १८ वर्षांखालील रुग्णाच्या बाबतीत कार्यालय पालकांशी संपर्क साधून खात्री करते.

शुल्क काउंटीगणिक बदलते, परंतु २०१६ च्या 'प्रस्ताव ६४' ने त्यावर १०० डॉलरची कमाल मर्यादा घातली. मेडी-कॅल या राज्याच्या आरोग्य साहाय्य योजनेचे लाभार्थी निम्मे शुल्क भरतात. पडताळणीसाठी काउंटीला ३० दिवसांची मुदत असते. या काळात डॉक्टरचा परवाना तपासला जातो आणि शिफारस त्यानेच केली आहे याची खात्री केली जाते. मंजुरीनंतर कामकाजाच्या पाच दिवसांत ओळखपत्र तयार होते. त्याची वैधता एक वर्ष असते व नूतनीकरणासाठी कागदपत्रे पुन्हा तपासली जातात.

अपुरी माहिती मुदतीत पूर्ण न करणे, खोटी माहिती देणे किंवा पात्रता नसणे या कारणांनी अर्ज नाकारला जाऊ शकतो. अशा अर्जदाराला सामान्यतः सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही, पण राज्याच्या आरोग्य विभागाकडे अपील करता येते.

कायद्याने ओळखपत्रावर धारकाचे छायाचित्र, स्वतंत्र क्रमांक, मुदतीची तारीख आणि काउंटी कार्यालयाचा तपशील आवश्यक ठरविला आहे. नाव, पत्ता किंवा आजार यांचा त्यात समावेश नाही. पोलीस संकेतस्थळावर क्रमांक टाकून ते वैध आहे की नाही एवढेच पाहू शकतात. 'प्रस्ताव ६४' नुसार रुग्णाची ओळख व आजार यांविषयीच्या नोंदी गोपनीय वैद्यकीय माहिती मानल्या जातात.

लाभ

'प्रस्ताव ६४' ने २१ वर्षांवरील सर्वांना गांजा खुला केल्यामुळे ओळखपत्राची गरज पुष्कळ कमी झाली. तरीही काही फरक उरले. ओळखपत्रधारकाला औषधी गांजाच्या खरेदीवर विक्रीकर भरावा लागत नाही. हा कर राज्यात किमान ७.२५ टक्के आहे. गांजावरील उत्पादन शुल्क मात्र द्यावेच लागते. सामान्य प्रौढाला २८.५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो, तर रुग्णासाठी २००३ च्या कायद्यात ८ औंस, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम, ही मर्यादा आहे. १८ ते २० वर्षे वयाच्या रुग्णांना वैद्यकीय मार्गाशिवाय कायदेशीर खरेदी शक्यच नाही.

जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या 'रायन्स लॉ' या कायद्यानुसार मरणासन्न अवस्थेतील रुग्णाला विशिष्ट रुग्णालयांत धूर न होणाऱ्या स्वरूपात गांजा वापरता येतो. त्यासाठी ओळखपत्र किंवा शिफारसपत्र दाखवावे लागते.

मर्यादा

राज्याचे ओळखपत्र संघराज्याच्या कायद्यापुढे ढाल ठरत नाही. गोन्झालेस विरुद्ध रेच या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी, घरी उगवलेल्या औषधी गांजावरही संघराज्य कारवाई करू शकते, असा निकाल दिला. डिसेंबर २०१४ पासून काँग्रेसने अर्थसंकल्पातील तरतुदीद्वारे न्याय खात्याला राज्यांच्या वैद्यकीय योजनांत अडथळा आणण्यासाठी निधी वापरण्यास मनाई केली. परंतु ती कायद्यातील बदल नसून खर्चावरील बंधन आहे.

बंदुकीच्या खरेदीवर ओळखपत्राचा थेट परिणाम झाला आहे. नेवाडातील एका ओळखपत्रधारक महिलेला केवळ त्या कारणाने बंदूक नाकारण्यात आली आणि २०१६ मध्ये नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने तो नकार वैध ठरविला. नोकरीच्या बाबतीत, २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाला अशा कर्मचाऱ्यास काढण्याची मुभा दिली होती. १ जानेवारी २०२४ पासून राज्याने कामाबाहेरील वापरावरून होणाऱ्या भेदभावाला बऱ्याच अंशी प्रतिबंध केला.

सर्वाधिक धोका अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांना असतो. नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा मुद्दा कागदोपत्री नाही. अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले, की राज्यात वैध असलेला गांजाचा वापरही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'सद्वर्तना'च्या निकषाआड येऊ शकतो. व्हिसाधारकाने सीमेवर अशा वापराची दिलेली कबुली प्रवेश नाकारण्याचे कारण ठरू शकते. भारतात हे ओळखपत्र निरर्थक आहे. येथे गांजा बाळगणे व आयात करणे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे.

इतर राज्ये

प्रत्येक राज्याची पद्धत वेगळी आहे. ओक्लाहोमात २०१८ च्या मतदानानंतर आजारांची कोणतीही यादी न ठेवता ऑनलाइन अर्जावर दोन वर्षांचा परवाना दिला जाऊ लागला. फ्लोरिडात डॉक्टर प्रथम रुग्णाचे नाव राज्याच्या नोंदवहीत घालतो आणि त्यानंतर रुग्ण ओळखपत्रासाठी अर्ज करतो. टेक्सासमध्ये ओळखपत्रच नाही. डॉक्टरने नोंदवहीत केलेली नोंद पाहून विक्रेता औषध देतो.