पन्हाळगडाची सहल

हिमालयातील गुलमर्गसारख्या ठिकाणी हिवाळ्यात विपुल बर्फ पडतो. तेथे लोक पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून घसरण्याचा खेळ खेळतात. आपल्या सह्याद्रीवर असा बर्फ पडत नाही. त्याचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे 1,646 मीटर उंच आहे. तथापि, डोंगरावरील थंड हवेचे सुख आपणांसही लाभले आहे. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे 20 किलोमीटरांवर असलेला पन्हाळगड हे असेच एक स्थान होय. सुट्टीच्या दिवशी शिदोरी घेऊन निघालेली कुटुंबे येथे सकाळी येतात आणि दिवस मावळताना घरी परततात.

येथील हवा थंड का असते? हजार मीटर उंच चढल्यास हवेचे तापमान साधारणपणे सहा अंशांनी उतरते. पन्हाळा कोल्हापूर शहराहून सुमारे 300 मीटर उंच आहे. म्हणजे फरक दोनएक अंशांचाच. परंतु तटावर वाऱ्यास अडथळा नसल्याने गारवा अधिक जाणवतो.

ही उंचीच पूर्वी गडाचे बळ होती. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळी बाराव्या शतकात हा किल्ला बांधला गेला. तटाचा घेर सात किलोमीटरांहून अधिक आहे. सज्जा कोठीतून आज आपण खालची हिरवी दरी पाहतो. त्या काळी अशाच जागांवरून शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवीत.

परंतु केवळ उंचीने गड लढत नाही. त्यास अन्न व पाणी हवे. अंबरखान्यात गंगा, यमुना व सरस्वती अशी धान्याची तीन कोठारे आहेत. त्यांतील गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. अंधारबाव ही तीन मजली इमारत. तिच्या तळाशी विहीर आहे. गडाचे पाणी शत्रूच्या हाती लागू नये, म्हणून ते असे झाकून राखले होते.

या सिद्धतेचे मोल 1660 साली कळले. सिद्दी जौहरने गडास वेढा घातला आणि शिवाजी महाराज सुमारे चार महिने आत अडकून पडले. जुलै महिन्यातील एका पावसाळी रात्री ते विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीदाने महाराजांचा वेष धारण करून आणि बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंडीत शत्रूस रोखून आपले प्राण अर्पण केले.

पुढे 1729 साली कवी मोरोपंतांचा जन्म याच गडावर झाला. 2025 साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे.

असा हा गड दिसतो तितका अभेद्य नाही. 2021 सालच्या जुलैमधील अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ता खचला. निसर्गाचा आघात आपणांस नेहमीच टाळता येत नाही. परंतु तटावर नावे कोरणे, विहिरींत कचरा टाकणे, दगड निखळविणे हे आघात टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. ज्यांनी गड राखला, त्यांना प्राण द्यावे लागले. आपणांस केवळ आपली शिदोरीची पाने उचलून परत न्यावयाची आहेत. एवढे जो करील, तोही गडाचा राखणदारच होय.

स्वाध्याय
1. पन्हाळ्याची हवा थंड का असते?
2. अंधारबावीची रचना कोणत्या हेतूने केली होती?
3. 'एवढे जो करील, तोही गडाचा राखणदारच होय', असे लेखक का म्हणतो?