करवंदीची जाळी राखूया

पावसाळा सरला की मालवणच्या कातळसड्यावरील गवत पिवळे पडते. करवंदीची जाळी मात्र वैशाखातही हिरवीच असते. आवार साफ करताना आपण प्रथम तिलाच तोडतो आणि तारेचे कुंपण घालतो. वस्तुतः तिचे काटे हेच उत्तम कुंपण होय. त्यांच्या आड बुलबुल घरटे बांधतो, पांढऱ्या सुवासिक फुलांवर कीटक येतात, मे महिन्यात फळे पक्षी व मुले मिळून खातात.

पिकल्या फळाचे बी साठवल्यास निकामी होते. ते ताजेच पिशवीत पेरावे. पुढील पावसाळ्यात रोपे ३-३ फुटांवर लावावीत. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे; पुढे गरज भासत नाही. छाटणी घरटी पाहूनच करावी.

नव्या रोपाला फळ धरण्यास काही वर्षे लागतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपल्या आवारातील उभी जाळी आधी राखावी.