देहाचा वंश आणि भाषेचा वंश : तारीम खोऱ्यातील ममी

भारत-युरोपीय भाषाकुलाच्या शाखांचा परिचय करून घेताना आपण तोखारी या मृत शाखेचा उल्लेख केला होता. मध्य आशियातील या शाखेचा विषय निघाला की वाळवंटात सापडलेल्या काही मृतदेहांचाही विषय निघतो, आणि पाठोपाठ हे देह कोणाच्या पूर्वजांचे, हा वाद सुरू होतो. या वादात भाषेला साक्षीदार म्हणून उभे केले जाते. ती साक्ष कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

चीनच्या वायव्येकडील शिंजियांग प्रदेशात तारीम नदीचे खोरे आहे. त्याचा बहुतेक भाग तक्लामकान वाळवंटाने व्यापला आहे. इजिप्तमध्ये मृतदेह हेतुपुरस्सर प्रक्रिया करून टिकविले जात. तारीममध्ये ते काम कोरडी हवा, खारट जमीन आणि कडाक्याची थंडी यांनीच केले. १९८० साली लोपनोरच्या परिसरात सापडलेला एका स्त्रीचा देह ‘लौलानची सुंदरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. तो सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचा आहे. अंगावर लोकरीचे वस्त्र, डोक्यावर पीस खोवलेली नमद्याची टोपी, तपकिरी केस आणि पापण्यांसह टिकलेला चेहरा. शियाओहे येथील दफनभूमीत होडीच्या आकाराच्या लाकडी पेट्या मिळाल्या. त्यांवर गाईबैलांची कातडी ताणून बसविलेली होती.

हे चेहरे पाहून अनेकांना युरोपीय माणसे आठवली. १९८८ मध्ये अमेरिकन चीनविद्यातज्ज्ञ व्हिक्टर मेर यांनी उरुमचीच्या संग्रहालयात हे देह पाहिले आणि त्यानंतर पाश्चात्त्य जगात त्यांची चर्चा वाढली. याच खोऱ्याच्या उत्तर काठावर, कूचा आणि तुर्फान परिसरात, तोखारी हस्तलिखिते सापडली होती. सीग आणि सीगलिंग या जर्मन विद्वानांनी १९०८ मध्ये ती भाषा भारत-युरोपीय असल्याचे दाखवून दिले होते. तिची लिपी ब्राह्मीपासून निघालेली, ग्रंथ बहुतांशी बौद्ध. पित्याला ‘पाचेर’, मातेला ‘माचेर’ आणि शंभराला ‘कंते’ म्हणणारी ही भाषा आपल्याला लगेच नात्यातली वाटते. देह युरोपीय वळणाचे, भाषा भारत-युरोपीय; तेव्हा हे तोखारी भाषकांचेच पूर्वज असावेत, अशी सांगड घातली गेली. अल्ताय परिसरातील अफानास्येव्हो संस्कृतीचे पशुपालक दक्षिणेकडे उतरून येथे आले, हे त्यामागचे गृहीतक होते.

गृहीतक म्हणून ते अयोग्य नव्हते. परंतु तोखारी हस्तलिखिते इसवी सनाच्या साधारण पाचव्या ते आठव्या शतकातील आहेत आणि लौलानची सुंदरी त्यांच्याही दोन हजारांहून अधिक वर्षे आधीची. तिच्या कबरीत लेखनाचा एकही अवशेष नाही. मृतदेहाच्या ओठांवरून त्याची भाषा ओळखता येत नाही. ही गोष्ट उघड असली, तरी चर्चेच्या भरात ती फार सहज विसरली जाते.

याच लौलानच्या भूमीत पुढे काय झाले ते पाहा. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत लौलान आणि निया येथील राज्यकारभाराची भाषा प्राकृत होती. करांच्या नोंदी, जमिनींचे व्यवहार, राजाज्ञा हे सारे लाकडी पट्ट्यांवर खरोष्ठी लिपीत लिहिलेले सापडले आहे. आपण अभ्यासलेल्या महाराष्ट्री प्राकृताची ही दूरची बहीण. तेवढ्यावरून तेथील साऱ्या प्रजेचे पूर्वज गांधारातून आले, असे कोणी म्हणेल काय? व्यापार, धर्म आणि राज्यकारभार यांच्यासोबत भाषा प्रवास करते, आणि माणसे पूर्वजांची भाषा सोडून दुसरी स्वीकारतात. (वाचन येथे थांबवून आपल्या परिसरातील असे एक उदाहरण वहीत लिहावे.)

२०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या सांगडीला जोरदार धक्का दिला. तारीम खोऱ्यातील इ.स.पू. २१०० ते १७०० या काळातील तेरा व्यक्तींच्या जनुकांचे विश्लेषण करण्यात आले. त्यांच्यात अफानास्येव्हो लोकांचा अंश आढळला नाही. हिमयुगाच्या अखेरीस उत्तर आशियात पसरलेल्या एका अतिप्राचीन लोकसमूहाचे ते वारस होते. त्याच समूहाचा अंश अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांतही आहे. नाकाडोळ्यांच्या ठेवणीवरून बांधलेला अंदाज असा फसला. मात्र तिएनशान पर्वताच्या उत्तरेस, झुंगारियात, अधिक जुन्या व्यक्तींमध्ये अफानास्येव्हो वंश स्पष्ट दिसला. त्यामुळे तोखारी भाषा कोणासोबत व केव्हा आली, हा प्रश्न अजून खुलाच आहे. आणखी एक लक्षणीय बाब अशी की, जनुकीय दृष्ट्या एकाकी असलेले हे लोक पश्चिमेकडचा गहू आणि पूर्वेकडची बाजरीसारखी भरड धान्ये, दोन्ही वापरत होते व दूधदुभत्याचे पदार्थ खात होते. त्यांनी शेजाऱ्यांकडून अन्न घेतले. सोयरीक मात्र केलेली दिसत नाही.

राजकारणाला इतका धीर नसतो. तुर्की कुळातील भाषा बोलणाऱ्या उइगुर समाजातील काहींनी लौलानच्या सुंदरीला आपली आदिमाता मानले. तिचा वंश येथला, म्हणून ही भूमी आमची, हा त्यामागचा युक्तिवाद. इ.स. ८४० मध्ये मंगोलियातील उइगुर राज्य कोसळल्यावर त्यांचे गट या बाजूला आले आणि जुन्या रहिवाशांत मिसळले, हा इतिहास त्या घोषणेत मावत नाही. उलट बाजूला, चीन सरकारच्या २०१९ च्या श्वेतपत्रिकेत उइगुर हे तुर्कांचे वंशज नाहीत आणि शिंजियांग दीर्घकाळापासून चीनचा अविभाज्य भाग आहे, असे सांगण्यात आले. पाश्चात्त्य देशांतील वंशवाद्यांनी हेच देह गौरवंशाच्या थोरवीसाठी वापरले. तिन्ही पक्ष परस्परांचे विरोधक आहेत. तरी प्राचीन रक्त सिद्ध झाले की आजचा हक्क सिद्ध होतो, हे गृहीत तिघांनाही मान्य आहे. माझ्या मते खरा दोष याच गृहीतात आहे. उइगुरांना आपल्या भाषेत शिकण्याचा आणि आपल्या प्रार्थनास्थळी जाण्याचा हक्क असण्यासाठी चार हजार वर्षांपूर्वीच्या आजीची गरज नाही.

राहिले दावुत या उइगुर विदुषीने वाळवंटाच्या कडेची पीरस्थाने, तेथील यात्रा, गीते व कथा यांचे अनेक वर्षे संकलन केले. उरुमचीच्या शिंजियांग विद्यापीठात त्या प्राध्यापक होत्या. त्या डिसेंबर २०१७ मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचे २०२३ मध्ये जगासमोर आले. लौलानची सुंदरी त्याच शहरातील संग्रहालयात जतन केलेली आहे.