सोन्याला आठवण नसते

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत एक अडचणीची ठेव होती. मॅक्स फॉन लाऊए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदकं तिथे सांभाळायला दिलेली होती. हिटलरच्या जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर तर मालकांची नावंच कोरलेली होती. ती हाती लागली असती, तर जर्मनीतच राहत असलेल्या लाऊए यांची धडगत नव्हती. संस्थेतले हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी पदकं पुरून टाकायचं सुचवलं. बोर यांना ते पटलं नाही. पुरलेलं कुणीही उकरून काढू शकतं. मग हेवेशींनी दोन्ही पदकं अम्लराज या आम्लांच्या मिश्रणात विरघळवली आणि तो नारिंगी द्रव प्रयोगशाळेच्या फळीवर ठेवून दिला. झडती झाली, पण त्या द्रवाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. युद्ध संपल्यावर त्यातलं सोनं परत मिळवण्यात आलं आणि नोबेल प्रतिष्ठानने त्याच सोन्याची पदकं नव्याने पाडून दिली.

हुशारीची गोष्ट म्हणून हा किस्सा नेहमी सांगितला जातो. आपल्या कपाटातल्या दागिन्यांच्या डब्याच्या दृष्टीने मात्र त्यात वेगळंच काही आहे. पदकाचा आकार गेला, कोरलेलं नाव गेलं, तरी सोनं जसंच्या तसं राहिलं. ते योग्य हाती परतलं, कारण तो द्रव कुणाचा, हे माणसांच्या लक्षात होतं. सोन्याला स्वतःला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

न गंजणारं, पण विरघळणारं

सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. इतक्या वेगाला सापेक्षतावादाचे नियम लागू होतात आणि त्याचा परिणाम सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोचतो. तोही केंद्राच्या बाजूला ओढला जातो आणि सहजासहजी सुटत नाही. ऑक्सिजनला तो मिळत नाही, म्हणून सोनं गंजत नाही. त्याचा पिवळा रंगही याच परिणामातून आलेला आहे.

नुसत्या नायट्रिक आम्लाचंही सोन्यापुढे काही चालत नाही. त्यात साधारण तिप्पट हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं, की अम्लराज तयार होतं. नायट्रिक आम्ल सोन्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि सुटलेल्या सोन्याच्या आयनांना क्लोराइड लगेच बांधून ठेवतं. ते पुन्हा धातूवर बसू शकत नाहीत, त्यामुळे सोनं विरघळतच राहतं.

हेच रसायन भर दुपारी आपल्या दारातही येतं. ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणणारे आधी तांब्याचा तांब्या फुकट लखलखीत करून दाखवतात, मग पैंजण आणि शेवटी पाटल्या मागतात. पाटली ज्या द्रवात बुडते, ते बहुधा अम्लराजच असतं. सोनं सगळीकडून सारखं झिजतं, नक्षी शाबूत राहते, त्यामुळे नजरेला काही कळत नाही. मग पाटली हळदीच्या पाण्यात घालून ‘थोड्या वेळाने काढा’ असं सांगितलं जातं, तेवढ्यात मंडळी पसार होतात. त्यांच्या भांड्यातलं सोनं योग्य रसायन घातलं, की तपकिरी भुकटीच्या रूपात तळाशी बसतं. चोरी पकडू शकणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे काटा. आणि आधीचं वजन लिहून ठेवलेलं नसेल, तर त्याची साक्षही फुकट.

चांदीचा वैरी गंधक

चांदी ऑक्सिजनला दाद देत नाही, पण गंधकापुढे हार मानते. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेल्या हायड्रोजन सल्फाइडशी तिची क्रिया होते आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. म्हणून चांदीची भांडी लोकरीच्या कापडात गुंडाळू नयेत आणि त्यांना रबर बँड लावू नये, कारण दोन्हींत गंधक असतो. हवाबंद पिशवी आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं.

काळी पडलेली चांदी आपण विभूतीने, रांगोळीने नाहीतर टूथपेस्टने घासतो. त्याने काळेपणाबरोबर चांदीही खरवडून निघते, कारण त्या थरात चांदीच असते. त्यापेक्षा स्टीलच्या भांड्याच्या तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल पसरावी, वर गरम पाणी आणि खायचा सोडा घालावा आणि चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवावी. अॅल्युमिनियम गंधक ओढून घेतो, चांदी जागच्या जागी परत मिळते. सडक्या अंड्याचा किंचित वास आला, की क्रिया चालू आहे असं समजावं. मुद्दाम काळपट ठेवलेले ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने आणि खडे किंवा लाख असलेल्या वस्तू मात्र यात घालू नयेत.

आगीत काय उरतं

चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, शुद्ध सोनं १०६४ अंशांना. घराला लागलेली मोठी आग हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. दागिन्यांचा गोळा झाला, तरी वजन फारसं घटत नाही. त्याच कपाटातली पावती मात्र त्याच्या खूप आधी राख झालेली असते. म्हणून सोनं आणि सोन्याची कागदपत्रं एका कप्प्यात ठेवू नयेत.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज स्फोटात उद्ध्वस्त झालं. त्यावर दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटाही होत्या. एक वीट तर बरीच दूर एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या. त्या ओळखता येत होत्या, कारण विटांवर क्रमांक ठोकलेले होते.

क्रमांक नसता, तर विज्ञानाचाही इथे फारसा उपयोग झाला नसता. निसर्गात सोन्याचं एकच स्थिर समस्थानिक आहे, ते म्हणजे सोनं-१९७. कोलारच्या खाणीतलं सोनं आणि दक्षिण आफ्रिकेतलं सोनं अणूंच्या पातळीवर वेगळं सांगता येत नाही. अशुद्ध धातूंच्या अंशांवरून थोडाफार माग लागतो, पण एकदा शुद्धीकरण झालं, की तोही पुसला जातो. चोर दागिने तातडीने वितळवतात, ते यामुळेच.

ओळख जपायची कशी

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक असावाच लागतो. शेजारी भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि शुद्धतेचा आकडा असतो. २२ कॅरेटसाठी तो ९१६, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये हा क्रमांक टाकला, की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. मालकाचं नाव मात्र तिथे नसतं. ते फक्त पावतीवर असतं, म्हणून पावतीवर एचयूआयडी लिहून घ्यावा. आजीच्या जुन्या गोठ-पाटल्यांवर असा क्रमांक नसणार. त्यांची शुद्धता मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घेता येते.

लॉकर घेतला, तरी नोंद चुकत नाही. आत काय आहे, हे बँकेला ठाऊक नसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. भाडं ३,००० रुपये असेल, तर ३ लाख. आजच्या भावाने त्यात किती तोळे येतात, हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. नैसर्गिक आपत्तीत तर तेवढीही भरपाई नाही, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तरीही नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला सराफाकडे गेलात, की प्रत्येक दागिना काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि ही यादी दागिन्यांपासून दूर, घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असेल अशा जागी ठेवा. चोरीची फिर्याद असो, विम्याचा दावा असो की भावंडांची वाटणी, पहिला प्रश्न वजनाचाच येतो आणि त्याचं उत्तर दागिना देऊ शकत नाही.