बोलीचे ऋण आणि विद्यापीठाचे कर्तव्य

विद्यापीठ व खेडे यांच्या संबंधाचा विचार बहुधा एकाच दिशेने केला जातो. ज्ञान विद्यापीठात निर्माण होते आणि तेथून ते खेड्यापर्यंत पोहोचविले जाते, अशी ही कल्पना आहे. भाषा आणि मौखिक परंपरा यांच्या बाबतीत मात्र ही दिशा उलट असते. येथे देणारे खेडे असते व घेणारे विद्यापीठ. या ऋणाची फेड कशी व्हावी, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यात विशेष निकडीचा ठरतो.

या निकडीस इतिहास कारणीभूत आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. मद्रास इलाखा, तसेच हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत नव्हती. परिणामी पैनगंगेच्या उत्तरेकडील वऱ्हाडी बोलीचे नमुने ग्रंथबद्ध झाले. दक्षिण तीरावरील निजामी मुलखातील बोली मात्र त्या नोंदीवाचून राहिली. पुढे १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५८ साली औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९९ साली परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो.

जिल्ह्याचा वारसा केवळ औंढा नागनाथाच्या शिल्पांत सामावलेला नाही. नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून येथे पूजिले जाते, इ. स. १२७० हे त्यांचे जन्मवर्ष परंपरेने मानलेले आहे. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. ती टिकली, ती केवळ लिहून ठेवली म्हणून नव्हे. पंजाबातील समाज ती नित्य गात राहिला, हेही त्याचे तितकेच महत्त्वाचे कारण आहे. लेखन आणि वापर या दोहोंच्या आधारानेच परंपरा जगते.

उलटपक्षी, जात्यावरील ओवीस लेखनाचा आधार नव्हता आणि वापराचाही उरला नाही. पिठाची गिरणी आली, स्त्रियांचे कष्ट हलके झाले, हे इष्टच होय. परंतु ओवीचा प्रसंगच नाहीसा झाला. आता ती वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे. कळमनुरी व औंढा परिसरातील आंध समाजाची मराठी, तसेच तांड्यांवरील बंजारा समाजाची गोरमाटी यांच्यातील गीते व कथा यांनाही हाच न्याय लागू पडतो.

बोलीचे जतन ही केवळ अभ्यासकाची हौस नव्हे, हे वसमतच्या हळदीवरून ध्यानात येईल. या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. ज्यास शास्त्रीय पुस्तिका ‘मातृकंद’ म्हणते, त्यास मराठी शेतकरी ‘जेठा गड्डा’ म्हणतो. त्याच्या बगलेस फुटणारा तो ‘बगल गड्डा’ आणि त्यानंतरचे ‘हळकुंड’. ‘जेठा’ या एका विशेषणात कंदांचा जन्मक्रम आलेला आहे, आणि बेणे निवडताना तोच क्रम पाहावा लागतो. परभणीचे कृषि विद्यापीठ १९७२ पासून या प्रदेशास शेतीविषयक मार्गदर्शन करीत आहे. असे मार्गदर्शन शेतकऱ्याच्या शब्दांत झाले, तर ते अधिक सुलभ होईल. गावागणिक हे शब्द कसे बदलतात याची नोंद झाल्यास भाषेचा अभ्यासक आणि शेतीचा तज्ज्ञ दोघेही एकाच कोशाचा उपयोग करू शकतील.

अशा संकलनाचे आदर्श महाराष्ट्रात आहेत. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने एक लक्षाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण केले आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद असल्याने या कार्यास कायद्याचेही अधिष्ठान आहे.

तथापि, संकलन हे अर्धेच कार्य होय. गाणाऱ्या स्त्रीची संमती घ्यावी आणि तिची इच्छा असल्यास तिचे नाव ओवीसोबत नोंदवावे. शब्द सुटा न टिपता ज्या वाक्यात व ज्या कामाच्या प्रसंगी तो उच्चारला गेला, त्यासह टिपावा. संग्रहाची एक प्रत गावच्या शाळेत व वाचनालयात ठेवावी आणि ध्वनिमुद्रण गावकऱ्यांना सहज ऐकता यावे. हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी उत्तम करू शकतात. कारण त्यांतील पुष्कळांच्या घरी हीच बोली नांदते. आजीचा जो शब्द शाळेत अशुद्ध ठरला, तोच विद्यापीठाच्या कोशात प्रमाण म्हणून पाहिल्यावर विद्यार्थ्याची स्वतःच्या घराकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

ग्रामसाहाय्य म्हणजे केवळ शिबिरे व व्याख्याने नव्हेत. खेड्याने दिलेले खेड्यास ओळखता येईल अशा रूपात परत करणे, हेही साहाय्यच होय. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील बोलीची नोंद शतकापूर्वी राहून गेली. ती पूर्ण करण्यास आज साधने आहेत. जाणत्या वृद्धांचे वय मात्र थांबणारे नाही.