उतारवयातील शेतकऱ्याचे काम

शेती मुलांच्या हाती सोपवून मोकळे होण्याचा काळ प्रत्येक शेतकऱ्यास येतो. अन्नवस्त्राची ददात नसली तरी आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जाणीव त्या वयात मनुष्यास पोखरू लागते. मग तो मुलांच्या प्रत्येक कामात दोष काढतो, किंवा ओसरीवर निमूटपणे बसून राहतो. आमच्या मते यावर नुसती विश्रांती हा उपाय नव्हे. अंगास झेपेल, परंतु न केल्यास शेताचे खरोखर नुकसान होईल, असे एखादे काम वृद्धाने पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे.

असे पहिले काम बियाण्याची निवड हे होय. ज्वारीचे बी खळ्यावरील राशीतून न घेता उभ्या पिकातून निवडावे. बांधालगतची व विरळ जागेतील ताटे सोडावी. त्यांचा जोम जागेचा असतो, बीजाचा नव्हे. दाट पिकातही जोमाने वाढलेल्या निरोगी ताटांस खुणा करून त्यांची भरदार कणसे वेगळी खुडावी व वाळवून साठवावी. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे. संकरित वाणाचे बी घरी धरल्यास पुढील पिकात तोच गुण राहत नाही. देशी व सुधारित वाणांस मात्र ही रीत चांगली लागू पडते. यास बळ नको, पारखी नजर व सवड हवी. आणि सुगीच्या घाईत तरुणापाशी सवडच नसते.

दुसरे काम झाडांचे. आंब्याचे कलम चांगले धरू लागण्यास चार-पाच वर्षे लागतात, व पहिले दोन-तीन उन्हाळे त्यास पाण्याने व कुंपणाने जपावे लागते. जो हे करतो, त्याचे लक्ष गेलेल्या वर्षांऐवजी येणाऱ्या वर्षांकडे लागते.

वयाची सबब पुष्कळदा पुढे केली जाते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तेथे त्या काढण्याकरिता त्यांनी १९३६ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले.

घरच्या तरुणांसही आमचे सांगणे आहे. वडिलांस केवळ मन रमविण्यापुरते काम देऊ नये. बियाण्याची कणगी त्यांच्या स्वाधीन करावी व पेरणीच्या वेळी बी त्यांजकडूनच मागून घ्यावे. वडिलांनीही बाकीची शेती मुलांच्या विचाराने चालू द्यावी.